उशी बरोबर बसली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक उशी.

दुपारची जेवणं झालेली. विमलने भांडी घासून पालथी घातली, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला आता दाभणाचं भोक दिसत नाही. कित्येक वर्षं झाली, दोरा तीच ओवून द्यायची. माझ्या मांडीवर तिचीच उशी होती, एका बाजूने उसवलेली.

"आता काय, कापूस काढायचा की घालायचा?" तिने विचारलं.

"मूठभर काढायचा."

"गेल्या महिन्यात मूठभर घातलेला."

"तेव्हा चुकलं."

"अगं बाई! तुमचं चुकतं होय कधी?" दोऱ्याचं टोक ओठात धरून ती म्हणाली. "सगळ्या ठाण्याला उशा सांगता. माझीच मान तेवढी वाकडी निघाली."

"मान सरळ आहे. तू वाकडी."

ती हसली. दोरा ओवला, गाठ मारली, दाभण माझ्या हातात दिलं. मी टाके घातले. तिने उशी दोन्ही हातांनी थोपटली, तान्ह्या पोराला थोपटतात तशी, आणि खिडकीखालच्या गादीवर आडवी झाली. "चहाला उठवा हं," म्हणाली.

त्या झोपेतून ती उठली नाही.

आधीच सांगून टाकलं. वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला जमत नाही. आणि मला सांगायचंय ते एवढंच नाही. मला सांगायचीय भीती. माझा मुलगा सिद्धार्थ, त्याला आम्ही सिद्धू म्हणतो, घोडबंदर रोडला शहराची बस चालवतो. पाठीमागे उभी-बसलेली साठ-सत्तर माणसं असतात. आणि हा सिद्धू घोरतो. अगदी त्याच्या आईसारखा घोरतो, तिच्यासारखाच मध्येच थांबतो. हे कळूनही मी दोन वर्षं काय केलं, ते पुढे येईल.

ह्या अंकाचं काम बघणाऱ्या बाई माझ्याकडून गाद्या करून न्यायच्या. म्हणाल्या, "काका, झोपेवर अंक काढतोय, तुमच्या धंद्याचं लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला. त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघू." म्हणून लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

धंदा गादीचा. आम्ही कोपरीचे, बौद्ध. आमच्यात हे काम आधी कुणी केलेलं नव्हतं. लग्नाआधी कल्याणला एका पिंजारी चाचांच्या दुकानात गोण्या उचलायला लागलो आणि हात तिथेच बसला. चाचांनी मला पिंजण धरायला शिकवलं. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तांत. ती तांत कापसात धरायची आणि तिच्यावर लाकडी मोगरीने ठोका द्यायचा. तांत थरथरते, दबलेला कापूस फुलून उडतो. टंग टंग असा आवाज दोन बिल्डिंगींच्या पलीकडे जायचा. पुढे डोंबिवलीला दारोदार फिरायचो, पण कधी आरोळी मारली नाही. पिंजण खांद्यावर घेऊन नुसती तांत छेडायची, की बाया गॅलरीतून हाक मारायच्या, "ओ गादीवाले, वर या!"

गादीतला कापूस अंगाच्या भाराने दबतो, घामाने त्याच्या गाठी होतात. त्या गाठी रात्रभर पाठीत टोचतात आणि सकाळी माणूस बायकोवर खेकसतो. मी गच्चीत ती गादी उसवायचो, कापूस उन्हात पसरायचो, पिंजायचो, परत खोळीत भरायचो आणि वरून टाके घालायचो. टाका फार आवळला की गादी दगडासारखी होते. सैल ठेवला तर सगळा कापूस पायाकडे जातो. त्यातलं मधलं माप फक्त बोटाला कळतं, सांगून शिकवता येत नाही.

उशीचं माप मात्र सांगता येतं, म्हणून सांगतो. कुशीवर झोपणाऱ्याने कान आणि खांद्याचं टोक ह्यांच्यात जेवढं अंतर, तेवढी उंच उशी घ्यावी. पाठीवर झोपणाऱ्याला त्याच्या निम्मी. पोटावर झोपणाऱ्याला उशी नकोच, त्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवायचो. गादी आठवड्याने उन्हात टाकावी. रोज एकाच वेळेला पडावं. जेवून लगेच आडवं होऊ नये. मोबाईल उशीखाली ठेवणाऱ्याला मी विचारायचो, "रात्रभर उशीखाली विंचू ठेवशील का रे?"

हे सगळं खरं आहे, आजही सांगेन. पण मला एक खोड लागलेली. माझ्याकडे आलेल्या माणसाचं प्रत्येक दुखणं मी कापसातच शोधायचो. पाठ दुखते? गादी. डोकं जड होतं? उशी. नवरा-बायकोचं पटत नाही? गादीला मधोमध खळगा पडला असेल. लोक ऐकायचे, कारण दहातल्या सातांना खरंच बरं वाटायचं. मग उरलेल्या तिघांकडे कोण बघतो?

त्या तिघांतले काही डोक्यातून जात नाहीत.

कोपरीच्या खाडीकडच्या बाजूला पूर्वी मिठागरं होती. त्यांत उभं आयुष्य काम केलेले एक आगरी बाबा होते. पोरांनी जमिनीवर टॉवर उठवला, बाबांना सातव्या मजल्यावर नेलं, जाड गुबगुबीत गादी आणून दिली. बाबांनी मला बोलावलं.

"मना झोप नाय रं येत. गादी करून दे, पातल."

"बाबा, ही चांगली आहे की. महागातली आहे."

"चांगली हाय त मंग मी जागा कशाला?"

मी पातळ गादी करून दिली. सावरीच्या कापसाची उशी दिली, हलकी, गार. महिन्याने परत बोलावणं. सून म्हणाली, "रोज उठून बसतात हो. आणि रोज वेगळ्या वेळेला. काल दोनला, आज पावणेतीनला." मला काही उमगेना. मी गादी चाचपत बसलो. तेव्हा बाबांनी मला खिडकीपाशी नेलं. खाली नुसती बिल्डिंगींची छपरं, गाड्या, दिवे.

"भरती चढली का मना कलतं," ते म्हणाले. "पानी बांधाला लागतं. जवान व्हतो तवा एकदा झोपलो. बांध फुटला. सगलं मीठ गेलं, आन माझा धाकला भाव त्यान व्हता, त्यो बी गेला."

मी म्हटलं, "बाबा, आता तिथे बांध नाही, मीठ नाही."

"त मना ठावं हाय रं. झोपेला ठावं नाय."

बाबांचं मला पटलं. पण मी काय केलं? उशीतला कापूस थोडा कमी केला. दुसरं काही करता येतं हे माझ्या टाळक्यात आलं नाही. बाबा शेवटपर्यंत भरतीला उठत राहिले.

दुसरा मानपाड्याकडच्या कारखान्यातला ऑपरेटर. आडनाव वाघमारे समजा. रसायनाच्या भांड्याचं तापमान बघत बसायचं, काटा लाल रेषेकडे गेला की पाणी सोडायचं, असलं त्याचं काम. आठवड्याला पाळी बदलायची. त्याने एकच गादी तीनदा परत आणली.

"काका, गादीत काहीतरी आहे. झोपू देत नाही."

तिसऱ्या वेळेला मी त्याच्यासमोर गादी उसवली. कापूस मुठीमुठीने बाहेर काढून दाखवला. "बघ. सरकीचा एक दाणा नाही. शोध."

तो खरंच गुडघ्यावर बसून शोधायला लागला. चांगला दांडगा माणूस, चिमटीचिमटीने कापूस चाचपत होता. विमल माझ्या दुकानाच्या गाळ्यात डबा घेऊन आलेली, ती बघत होती. तिने विचारलं, "भाऊ, डोळे मिटले की काय दिसतं तुम्हाला?"

तो म्हणाला, "काटा दिसतो वैनी. वर चाललेला."

मग भडाभडा बोलला. एका पाळीला उभ्या उभ्या त्याचा डोळा लागलेला. किती वेळ ते त्यालाच माहीत नाही. जोडीदार धावत आला आणि त्याने पाणी सोडलं, म्हणून वाचले. दोघांनी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून घरी झोप येत नव्हती आणि कामावर येत होती.

"हे गादीवाल्याला सांगून काय उपयोग?" विमल म्हणाली. "साहेबाला सांगा. डॉक्टरला सांगा. हे कापसातलं नाही."

मला राग आलेला. गिऱ्हाईक माझं, गाळा माझा, आणि ही मला न विचारता निकाल देते. तो गेल्यावर मी तिला बोललोसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही काय त्याचं भांडंच पिंजून देणार होता का?" त्या माणसाने साहेबाला सांगितलं. ओरडा खाल्ला, पण पाळीचं काम सुटलं, दिवसाचं मिळालं. दिवाळीला पेढे घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता पुडा विमलच्या हातात दिला.

तिला कळलेलं. मला नाही.

आणि एक बाई, कल्याणच्या. नवरा वारलेला. त्याची गादी घेऊन आल्या. आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाचा कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळत नाहीत, चाचांनी घालून दिलेला नियम. मी म्हटलं, वेगळा पिंजून देतो. त्या म्हणाल्या, "पिंजू नका. खोळ तेवढी नवी घाला. त्यांच्या बाजूला खड्डा आहे ना, तो तसाच राहू दे." मी हसलो. म्हटलं, बाई, खड्डे बुजवायचा माझा धंदा आहे, राखायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी चांगली सपाट, फुललेली गादी त्यांच्या दारात टाकली. हाताने चाचपून बघितली त्यांनी. पैसे दिले, दार लावून घेतलं. तेव्हा मला वाटलं, कामावर खूश झाल्या.

आता विमलचं सांगतो.

घोरायची ती आधीपासून. सुरुवातीला गंमत होती. शेजारच्या लताबाई सकाळी नळावर म्हणायच्या, "काय गं विमल, काल रात्री ट्रक कुठवर नेलास? नाशिक आलं का?" विमल म्हणायची, "कसारा घाटात बंद पडला." सगळ्या हसायच्या. मीही हसायचो.

मग खरंच बंद पडायला लागला. म्हणजे घोरता घोरता एकदम आवाज जायचा. छाती हलायची, पण नाकातोंडातून काही जायचं-यायचं नाही. मी अंधारात पडून मोजायचो. दहा. पंधरा. वीस. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास यायचा, ती कूस वळायची आणि पुन्हा सुरू. तिला सकाळी काही आठवायचं नाही. म्हणायची, "मी तर मेल्यासारखी झोपलेली, तरी अंग का मोडून येतं?" दिवसा बसल्या जागी पेंगायची. तांदूळ निवडताना मान खाली जायची. विहारात वंदना चालू असताना झोपली, बायका हसल्या, तेव्हापासून मागच्या भिंतीला बसायला लागली.

मी घाबरलेलो. हे कुणाला बोललो नाही, आज लिहितोय. रात्र व्हायला नको वाटायचं. पण मी चाळीस वर्षं धंद्यात असलेला गादीवाला, माझ्या बायकोच्या झोपेचं काम मी दुसऱ्याकडे कसं नेऊ? मी उशी बदलली. उंच केली, वाटलं श्वासाला वाट होईल. मग सावरीची केली. मग मानेखाली जाड आणि डोक्याखाली पातळ अशी केली. प्रत्येक वेळेला चार दिवस वाटायचं, जमलं. पाचव्या दिवशी मी परत अंधारात आकडे मोजत असायचो.

तेव्हाच सून मनीषा एकदा दबकत म्हणाली, "बाबा, हेपण घोरतात, आणि मध्येच थांबतात. परवा सिग्नलला बस उभी होती, तेवढ्यात डोळा लागला म्हणे. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले तेव्हा जागे झाले."

विमलचंच दुखणं, हे मला लगेच कळलं. आणि मी काय केलं असेल? सिद्धूलाही उशी करून दिली. दोन वर्षं तो माझ्याच उशीवर झोपत होता आणि बस चालवत होता.

ह्याच काळात घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या डॉक्टरीणबाईंची गादी केली. नाक-कान-घशाच्या डॉक्टर, तळमजल्यालाच दवाखाना. बाई मोकळ्या स्वभावाच्या, स्वतः चहा आणून दिला. "काका, काकू कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी आपला हसत हसत ट्रकचा किस्सा सांगितला, घाटात बंद पडतो तिथपर्यंत. बाईंनी कप खाली ठेवला.

"बंद पडतो म्हणजे? श्वास थांबतो?"

"हो. मी मोजतो ना."

"किती मोजता?"

"वीस. कधी तीस."

"दिवसा पेंगतात?"

"बसल्या जागी."

"काका, उद्या घेऊन या त्यांना." मग त्यांनी समजावलं. काही माणसांचा घसा झोपेत आतून मिटतो. हवा जात नाही, हृदयावर ताण येतो, झोप पुरी होत नाही. डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र झोपवून तपासतात. लागलं तर नाकावर लावायचं मशीन देतात, ते घसा उघडा ठेवतं. "आणि हे उशीने जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमची उशी कितीही चांगली असली तरी."

माझा अपमान झाला. खोटं कशाला बोलू, पहिलं तेच वाटलं. आणि त्याच्या खाली भीती होती. माझा मोठा भाऊ नुसता तपासायला म्हणून दाखल झालेला, तो पांढऱ्या कपड्यात परत आला. मला डोळ्यांसमोर विमल वायरी लावलेली दिसली. मी ठरवलं, माहीत करून घ्यायचंच नाही.

घरी आलो. विमलने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? माझं विचारलंत ना?"

मी म्हटलं, "विचारलं. मान सरळ ठेवा म्हणाल्या. उशी नीट करा."

"बघा! म्हणजे तुमच्याच हातात आहे." तिने विश्वास ठेवला. परत कधी विचारलं नाही.

एवढं मोठं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

आता ती दुपार. विमल आडवी झाली, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा तक्क्या शिवायला घेतला. दोरा तिनेच आधी ओवून ठेवलेला. ती घोरायला लागली. मी हाताने टाके घालत होतो, पण कान तिकडे होता. थांबली. मी मोजायला लागलो. अठराला श्वास आला. परत घोरली, परत थांबली. बावीस. नंतर घोरणं बारीक झालं, आणखी बारीक झालं आणि मग आवाज आलाच नाही. हुंदका नाही, धडपड नाही. तिचा चेहरा भिंतीकडे होता. खांदा अगदी निवांत.

मी हातातलं दाभण खाली ठेवलं आणि मला आनंद झाला.

होय, आनंद. मला वाटलं, उशी बरोबर बसली. इतक्या दिवसांनी बाई शांत झोपलीय. मूठभर कापूस काढायचा होता, एवढंच. मी आवाज होऊ नये म्हणून पंखा बारीक केला. लताबाई दारात आल्या, त्यांना तोंडावर बोट ठेवून घालवून दिलं. "झोपलीय," म्हटलं, "बघा, आवाज तरी येतो का." लताबाई कौतुकाने म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची." मी दोन तास तिथे बसलो. तक्क्या पुरा केला. चहा मीच टाकला, तिचा कप भरला, आणि तो तिच्या उशाशी ठेवून हाक मारली.

पुढचं लिहीत नाही.

डॉक्टर आले. म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. माणसं जमली, संध्याकाळी सगळं झालं. सिद्धू ड्युटीवरून वर्दीतच आलेला, तसाच खांद्याला लागला. घरी परतलो तेव्हा बायका म्हणाल्या, तिचं अंथरूण बाहेर काढा. गादी उचलायला पुढे आलेल्या माणसाला मी म्हटलं, हात लावू नकोस. तिच्या बाजूचा खड्डा दिसत होता. मला कल्याणच्या त्या बाई आठवल्या. त्यांच्या दारात जाऊन पाया पडावं असं वाटलं, पण आता पत्ताही नाही.

सिद्धू म्हणाला, "बाबा, आईची उशी मी घेतो आजच्या दिवस." मी हो म्हटलं. तो बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या मधे, ती उशी कवटाळून पडला. रडून रडून दमलेला, पडल्या पडल्या घोरायला लागला. मी आतल्या खोलीत तिच्या गादीशेजारी भिंतीला टेकून बसलेलो.

तोच आवाज. घाटातला ट्रक.

थांबला. माझं तोंड आपोआप मोजायला लागलं. बारा. सोळा. एकवीस. मी उठलो, अंधारात माणसं ओलांडत गेलो आणि त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवला.

"काय झालं बाबा?" तो दचकून उठला.

"श्वास घे."

"घेतोय की."

"घेत नव्हतास."

मनीषा जागीच होती. हळूच म्हणाली, "बाबा, मी सांगितलेलं तुम्हाला."

"सांगितलेलंस," मी म्हटलं. तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

मी त्याला परत झोपू दिलं नाही असं नाही. झोपू दिलं. पण डोक्याशी बसून राहिलो, पंधरा झाले की हलवायचो. तो चिडायचा, कूस वळायचा, परत झोपायचा. परवा त्याला पहिल्या पाळीला ड्युटीवर जायचं होतं. मला सारखा सिग्नल दिसत होता, आणि त्याच्या मागे उभी-बसलेली ती सगळी माणसं. वाघमारेला दिसायचा तो काटा मला त्या रात्री दिसला.

सकाळी उजाडल्यावर तोंड धुतलं आणि सिद्धूला म्हटलं, "कपडे घाल. घोडबंदरला डॉक्टरांकडे जायचंय."

"आज?" तो बघतच राहिला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तर बोलायलाच सुरुवात केली. अजून माणसं भेटायला यायचीत, घरात फोटोसमोर मेणबत्ती पेटतेय, आणि बाप-लेक कुठे निघाले? लताबाई म्हणाल्या, "भाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना? विधी झाल्यावर जा."

"विधीला मुलगा जिवंत पाहिजे," मी म्हटलं. वाईट बोललो.

निघताना सिद्धूने सवयीने विचारलं, "उशी घेऊ बरोबर? दाखवायला?"

"नको. राहू दे तिथेच."

रिक्षात तो बसल्या बसल्या पेंगला. मान माझ्या खांद्यावर पडली, तेव्हा मला कळलं ती किती जड आहे. मी खांदा हलवला नाही, पण कान त्याच्या नाकाशी ठेवला. मानपाड्याच्या पुलापर्यंत ट्रॅफिक तुंबलेलं, हॉर्न वाजत होते, आणि मला फक्त त्याचा श्वास ऐकायचा होता. दवाखान्याचं शटर अर्धं वर होतं. आम्ही बाहेर पायरीवर बसलो.

डॉक्टरीणबाई आल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. त्या माझ्या पाठीमागे बघत म्हणाल्या, "आलात एकदाचे! काकूंना आणलंत ना?"

मी सिद्धूचा हात धरून त्याला पुढे केलं.

"तिला आणलं नाही," मी म्हटलं. "तिला तुमचा निरोपच दिला नाही मी. हा तिचा मुलगा. बस चालवतो. हाही तसाच थांबतो, काल रात्री एकवीस मोजले." मग माझ्या धंद्यात कधी कुणाला बोललो नव्हतो, ते बोललो. "बाई, हे कापसातलं नाही. माझ्या हातातलं नाही. तुम्ही बघा."